लिंडक्विस्टबाई किती मतांनी आल्या?

१० नोव्हेंबर २०२४

चूक झाली. फार मोठी!

अमेरिकन सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची पुस्तिका वाचत होते. प्रश्न – फक्त नागरिकांनाच असलेला हक्क कोणता? उत्तर – मतदान. मी मत टाकलंय!

गेल्या वर्षी लायसन्स ऑफिसात तिथली मुलगी भराभर काही विचारत होती, मी यस यस म्हणत गेले. त्यातच मतदार म्हणून नाव नोंदलं गेलं असणार. ऑक्टोबरात माझ्या नावाची मतपत्रिका घरी आली. वाटलं, ग्रीन कार्ड आहे, चालत असेल. अठराव्या वर्षापासून नागपुरात एकही मतदान चुकवलं नाही. आमच्या घरात मत म्हणजे बाबासाहेबांनी हातात दिलेली गोष्ट. सही केली, बॉथेलच्या लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकून आले. खुशीत!

नवऱ्याला सांगायची हिंमत नाही. राकेश आधीच इंटरव्ह्यूच्या टेन्शनमध्ये आहे.

११ नोव्हेंबर

मत दिलं राज्याच्या सेनेटर लिंडक्विस्टबाईंना. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला आल्या होत्या, 'जाय बीम' म्हणाल्या. आवडल्या.

आणि केयाचा शाळेचा प्रोजेक्ट नेमका याच बाईंवर! चार निवडणुका, किती मतांनी आल्या. जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरलाय. पहिल्यांदा नऊ हजार दोनशे. मग चार हजार. मागच्या वेळी अकराशे.

"आणि या वेळी?"

"दे आर स्टिल काउंटिंग, आई. लाइक, सिक्स्टी!"

लेकीसमोर हसले.

१४ नोव्हेंबर

एकतीस.

१९ नोव्हेंबर

एकोणीस! हाताने फेरमोजणी होणार. समोरच्या उमेदवाराचे वकील मतदारांच्या याद्या तपासताहेत म्हणे. केया सांगते – "कोणी व्होट केलं ते एनीवन कॅन लुक अप, आई!" तव्यावरची पोळी करपली.

२० नोव्हेंबर

सांगितलं राकेशला. ऑफिसला निघताना बुटाची लेस बांधत होता. तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "इंटरव्ह्यूत विचारतीलच. नाही म्हण."

"शपथेवर?"

"उल्का, डिपोर्ट करतील. केयाचं काय?"

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२४ नोव्हेंबर

आयसेलिनला राहणाऱ्या ओळखीच्या हर्षिताताईंना फोन केला. इमिग्रेशनच्याच वकील आहेत. म्हणाल्या, "अर्ज मागे घे, नाहीतर खरं सांग. चूक कदाचित समजून घेतील, खोटं नाही."

"कदाचित म्हणजे?"

"खात्री नाही देता येत गं."

राकेश म्हणतो, "त्यांचं काय जातंय बोलायला! आणि मागे घेतला तर पुन्हा कधी भरणार? मत तर टाकून झालंय."

५ डिसेंबर

बाई आल्या. सतरा मतांनी. केयाने तक्त्यात आकडा लिहून टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या मतांत एक माझं. सकाळी बेल वाजली तर मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उभी! पार्सलवाला होता.

११ डिसेंबर

उद्या दोघांचाही इंटरव्ह्यू. राकेश म्हणाला, "ठरलं ना? नाही म्हणायचं." मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाच कळलं नाही.

१२ डिसेंबर

वेटिंग रूम. राकेश आधी आत गेला होता. बाहेर आला तो पांढराफटक. शेजारी येऊन बसला.

"मी खरं सांगून टाकलं."

"माझ्याबद्दल?"

"नाही गं. माझ्याबद्दल. तुझ्याआधी माझं मतपत्रिकेचं पाकीट आलं होतं. मीपण टाकलं मत."

माझं नाव पुकारताहेत.