पोटाचं कार्ड, मनाचं कार्ड

४ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

वहिनीने तुझ्या पँटींची मापं पाठवली. कापडावर खडू टेकवला आणि हात थांबला. कंबर दोन इंचांनी कमी! तीस वर्षं लोकांच्या पँटी शिवतेय. चाळिशी उलटलेल्या पुरुषाची कंबर पुढे सरकते, मागे येत नाही. तुझे दाजी म्हणतात, डाएट करत असेल. तू आणि डाएट? स्वतःचं ताट संपवून माझ्या ताटाकडे बघणारा तू.

काय होतंय ते सरळ लिही. नुसतं ‘सगळं ठीक’ आलं तर पँटी शिवणार नाही; बस मग पट्ट्याला भोकं पाडत.

लोभ वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिंपीण कमी आणि फौजदार जास्त. काही नाही गं, पित्त आहे. पोट रिकामं झालं की आतून कोणी चिमटे काढल्यासारखं दुखतं. डोकं धरतं म्हणून गोळ्या घेतो, त्याही बाधत असतील.

गिरणीच्या रंगखात्यातलं काम तेच. रंगून आलेलं कापड उजेडाच्या पेटीत नमुन्याशेजारी धरायचं आणि गुण द्यायचे. पाच म्हणजे तंतोतंत, एक म्हणजे बाद. पण दोन वर्षांपूर्वी नवे मॅनेजर आले आणि त्यांनी जेवणाच्या खोलीत फळा लावला. आपण पास केलेला कापडाचा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला की सोमवारी त्यावर आपलं नाव. माझं एकदाच लागलं. तेव्हापासून एकेक लॉट सात-सात वेळा बघतो, तरी खात्री पटत नाही.

बाकी कशात मन लागत नाही. ही सिनेमाला चल म्हणाली, मी नको म्हटलं. कधी कधी वाटतं, सकाळ उजाडूच नये. पण ते जाऊ दे, ते काही दुखणं नव्हे.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.
तुझा मुंगळा

१८ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

ज्याला सकाळ नकोशी होते, त्याचं ते दुखणंच असतं. पत्र वाचलं, मशीन बंद केलं आणि हे लिहायला बसले.

बाबांचं आठव. त्यांचं पोट दुखायचं आणि ते बोलायचे नाहीत. पोटाला आपण आजार म्हटलं आणि अबोल्याला तिरसटपणा. मग एका दुपारी रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यातून ते परत घरी आले नाहीत. तू बारा वर्षांचा होतास, बेसिन मी धुतलं होतं. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नाहीये, कळलं?

आता मुकाट्याने ऐक. तुझ्याच पद्धतीने रोज पोटाला गुण दे आणि मनालाही दे. पंधरा दिवस. मग ते घेऊन डॉक्टरकडे जा. बोलण्यात तू टोलवाटोलवी करतोस. आकड्यांत तुला ती जमणार नाही. आणि वहिनीला सोबत ने. एकटा गेलास तर अर्धंच सांगशील.

धाक आहे तेवढीच माया आहे, हे विसरू नकोस.
तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं, सोबत ही असूनसुद्धा. आमच्याकडे एका लॉटचे गुण दुसऱ्या लॉटच्या कार्डावर कधी लिहीत नाहीत. हात त्याच सवयीचे. म्हणून पोटाचं कार्ड वेगळं केलं, मनाचं वेगळं. डॉक्टरांसमोर पोटाचं ठेवलं आणि मनाचं खिशातच राहू दिलं. पोटाच्या डॉक्टरला मनाचं काय दाखवायचं? त्यांनी पित्ताचं औषध लिहायला घेतलं. तेवढ्यात हिने सरळ माझ्या खिशात हात घालून दुसरं कार्ड काढलं आणि पहिल्याशेजारी धरलं.

ताई, आयुष्य दोन रंग शेजारी धरण्यात गेलं आणि हे मला दिसलं नव्हतं! पोट चारवरून दोनवर आलं की मनही दोनवर. दर सोमवारी दोन्ही एकवर.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दुर्बीण घालून बघितलं, तर जठरात व्रण निघाला. एका जंतूने तो केला होता आणि डोकेदुखीच्या गोळ्यांनी चिघळवला होता. नुसत्या काळजीने व्रण होतोच असं नाही, म्हणाले, पण काळजी वर्षानुवर्षं चालली की जखम भरून यायला त्रास होतो. दुखण्याने झोप मोडते, झोप मोडली की मन खचतं, खचलेल्या मनाला पोट आणखी दुखतं. पोटाची आणि मेंदूची सतत बोलणी चालू असतात, म्हणून इलाज दोघांचा करायचा. जंतूवर औषध दिलंय, डोक्याच्या गोळ्या बंद, आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. ती वाचून मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण जातोय.

आशीर्वाद दे, ओरडा नंतर दे.
तुझा मुंगळा

१४ एप्रिल

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

ओरडा नाही. वहिनीच्या खिसेकापूपणाला माझा साष्टांग नमस्कार सांग! मी रडले, मग दाजींवर उगाच डाफरले, मग दोघंही हसलो.

लाज कसली? बाबांना असं कोणी विचारलंच नाही. तुला विचारलं आणि तू उत्तर दिलंस, मला तेवढं पुरे. औषधं अर्ध्यावर सोडू नकोस, आणि मनाच्या डॉक्टरांना पत्रात लिहिलंस ते सकाळचंही सांग.

इथे तुझं एक माणूस खंबीर आहे.
तुझी ताई

२७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पुन्हा दुर्बीण घातली. व्रण भरला! जंतूही गेला. मन अजून रोज पाचावर नसतं, पण गेला महिनाभर तीनच्या खाली उतरलेलं नाही. मनाच्या डॉक्टरांना सकाळचं सांगितलं.

आता खरी बातमी. सोमवारी फळ्यासमोर सगळे जमले असताना मी उभा राहिलो. म्हटलं, मला पोटात व्रण होता आणि नैराश्यही होतं, दोन्हींवर उपचार घेतोय. यापुढे लॉट एकदा बघणार, दुसऱ्याची सही घेणार, आणि फळ्यावर माझं नाव लिहायचं तर खुशाल लिहा. मॅनेजर तडक निघून गेले. वाटलं, गेली नोकरी.

जेवणाच्या सुट्टीत रंगाच्या टाकीवरचे दोघे येऊन डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेले. मग पॅकिंगमधली एक बाई आली. संध्याकाळी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खुर्चीत न बसता पोटावर हात ठेवून उभे राहिले. किती वर्षांपासून दुखतंय ते सांगितलं. मी पत्ता लिहायला घेतला, तर म्हणाले, दोन्ही डॉक्टरांचा लिहा.

ताई, मी जिंकलो गं. आणि एकटा नाही जिंकलो.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा मुंगळा