झुरळांच्या आधी नमस्कार

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून या खेपेला कागदावरच वाकते. गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवता? यजमानांचा खोकला गेला असेलच. नसेल गेला तर डॉक्टर बदला. खोकला तोच राहिला तरी काही केल्यासारखं वाटतं. आम्ही ठीक. ठीक म्हणजे अजून एकाच घरात आहोत.

तुमचा निरोप मिळाला. सकाळी रेडिओतून तुमच्या भावाचा आवाज येईना, म्हणून तुम्ही बॅटऱ्या बदलल्या आणि दुरुस्तीवाल्याला चोर म्हणालात. त्या बिचाऱ्याची माफी मागा. रेडिओ धड आहे. बिघडलंय ते स्टेशन.

झालं असं की सरकारी रेडिओवर नवे साहेब आले. नवा साहेब आला की आधी खुर्ची बदलतो, मग पडदे, आणि पडदे संपले की माणसं. या साहेबांनी पडद्यांना हातच लावला नाही, थेट माणसांवर आले. सकाळचा कार्यक्रम बंद. आता गाणी मुख्य कचेरीतून एकगठ्ठा येतात आणि संगणक ती एकामागून एक सोडतो, चक्कीतून पीठ पडावं तशी. मधे बोलायला माणूस लागत नाही. तुमच्या भावाला साहेबांनी बढती दिली म्हणे. बढती कुठे, तर जुन्या टेपांच्या खोलीत. तिथे एक टेबल, एक पंखा आणि भिंतभर टेपा. पंख्याचं बटण बाहेरच्या खोलीत. (बटणापाशी जो कारकून बसतो त्याला कधी उकडत नाही.)

आता त्या खोलीत बोलायचं कुणाशी? मग दिवसभराचं साठलेलं सगळं घरी येऊन माझ्या डोक्यावर. दारातून आत पाऊल टाकलं की, श्रोतेहो, आपण आता स्वयंपाकघरात आहोत. मी कुकर लावला की हे शिट्टी व्हायच्या आधी शिट्टीची घोषणा करतात. मी भांडायला तोंड उघडलं की बोट वर. बोट खाली आलं की मी सुरू करायचं. म्हणे, दोन आवाज एकावर एक चढले की श्रोत्याला त्रास होतो. कोण श्रोता? भिंतीला कान लावून बसलेली शेजारीण, तेवढीच. एकदा संतापून मी पातेलं आपटलं, तर शांतपणे म्हणाले, व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत. वन्सं, तुमचा भाऊ आहे म्हणून पातेलं जमिनीवर आपटलं.

शेवटी मीच त्यांना बाजारातल्या खाजगी स्टेशनात घेऊन गेले. (घेऊन गेले म्हणजे ढकलत नेलं.) चपलांच्या दुकानाच्या वर आहे, जिना अरुंद. तिथे सकाळी एक पोरगी बोलते, तिला मी फटाकडी म्हणते. श्वास कधी घेते कळत नाही, बहुतेक आदल्या दिवशीच घेऊन ठेवते. पण मनाची चांगली. ह्यांना बघून उठून उभी राहिली. लहानपणी तुमचा आवाज ऐकत वेण्या घालून घ्यायचे, म्हणाली. हे फुगले. मला काचेच्या अलीकडे बसवलं आणि ह्यांना पलीकडे, आवाजाच्या चाचणीला.

आता तुमच्या भावाची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. नमस्कार म्हणाले की थांबतात. लग्न झाल्यापासून विचारतेय, का थांबता? तर म्हणे, नमस्कार केला की समोरचा उलट नमस्कार करतो, त्याला वेळ नको द्यायला? समोरचा कोण, तर तो कुठल्यातरी गावात दात घासतोय. तोंडात फेस असेल तर उत्तराला जास्त वेळ लागतो, हेही ह्यांनी हिशेबात धरलेलं.

खाजगी स्टेशनातल्या यंत्राला मात्र मोकळी जागा खपत नाही. माणूस जरा गप्प झाला की त्याला वाटतं हा गेला, आणि ते आपणहून जाहिरात लावून देतं. लाल दिवा लागला, हे खणखणीत आवाजात म्हणाले, नमस्कार. थांबले. लगेच एक बाई किंचाळली, घरात झुरळं झालीत का? फटाकडीने पुन्हा दिवा लावला. नमस्कार. झुरळं. पुन्हा दिवा. नमस्कार. झुरळं. मी काचेवर टकटक करून खुणावलं, थांबू नका, रेटा पुढे. तर मलाच बोट वर करून दाखवतात, काचेतून. फटाकडी काकुळतीला आली, काका, अगदी अर्धा श्वास घ्या फक्त. तेव्हा हे टोपणं काढावं तसे कानावरचे हेडफोन काढून म्हणाले, “बाळ, अर्धा नमस्कार मला येत नाही.”

आणि जिना उतरू लागले. पोरगी मागून धावत आली. म्हणाली, काका, जाहिरात चालू असली की यंत्र मधे पडत नाही. त्या किंचाळणाऱ्या बाईला लोक कंटाळलेत, झुरळांच्या औषधाची नवी जाहिरात करायचीच आहे. तुम्ही करा. नमस्कार म्हणा, हवं तितकं थांबा, मग झुरळांचं बोला. रोज सकाळी लागेल. पुढच्या सोमवारपर्यंत सांगा.

ह्यांचं तोंड असं झालं, जणू एक झुरळ आताच आत गेलं. “इतकी वर्षं माणसांना नमस्कार केला,” म्हणाले, “आता झुरळांना करू?”

त्यानंतर गप्प.

आधी मी म्हटलं, सुटले. कुकरच्या शिट्ट्या न सांगता झाल्या. पण वन्सं, गप्प म्हणजे किती गप्प? भाजीत मीठ नव्हतं, मुकाट खाल्ली. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं, तर बोटसुद्धा वर केलं नाही. एकटीने भांडलं की मुद्दे फार लवकर संपतात. घर खायला उठलं.

काल सकाळी सवयीने रेडिओ लावला. गाण्याला गाणं चिकटलेलं, मधे सुई जाईल तर शपथ. चहा गाळता गाळता लक्षात आलं, मी कसली तरी वाट बघतेय. तुम्हाला म्हणून सांगते. रोज ह्यांचा नमस्कार आला की मीही चुलीपुढून उत्तर द्यायचे. नमस्कार म्हणायचे नाही एवढंच. डबा विसरलात, छत्री न्यायला काय झालं होतं, असं जे असेल ते. सबंध दिवसात तेवढा एकच क्षण हा माणूस गप्प बसायचा आणि मी बोलायचे. ऐकू जायचं नाही हे खरं, पण समोर असताना तरी कुठे जातं? तर काल गाण्यांत फट नव्हती तरी माझ्या तोंडून गेलंच, “अहो, डबा तयार आहे.” रेडिओला म्हटलं. मागे वळते तर हे दारात. डबा उचलला आणि गेले.

असो. पोरांना माझा आशीर्वाद सांगा, आणि तेल लावा.

तुमची फाटक्या तोंडाची
भावजय

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. हे मिळाल्याबरोबर भावाला फोन करा आणि जाहिरातीला हो म्हणायला लावा. (मीच तुम्हाला फोन केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि हे त्याला टेकून बसलेले.) लहानपणी तुम्ही त्यांचा कान पिळायच्यात म्हणे, तो कान अजून तुम्हाला भितो. झुरळांचं नाव काढू नका. एवढंच म्हणा, की सकाळी तुझा नमस्कार येत नाही, माझं उत्तर तोंडातच राहतं. मी सांगितलं हे सांगू नका.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच हे स्वयंपाकघरात आले. विचारतात, आपल्याकडे झुरळं आहेत का? माझ्या ओट्यापुढे उभं राहून हे विचारायची छाती बघा. म्हणे, विषय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बोलत नाही. ओट्याखाली वाकून वाकून शोधलं, एकही सापडलं नाही. (मागच्या खेपेला तुम्ही माझ्या स्वच्छतेबद्दल जे बोललात ते मी विसरलेले नाही.) हिरमुसले. मग ताठ उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, नमस्कार. आणि थांबले. माझ्याकडे बघत. डबा, छत्री, मीठ, मला काही म्हणता काही सुचेना. शेवटी म्हटलं, “नमस्कार. बोला पुढे.” आणि बोलले. वन्सं, असे बोलले की घरात झुरळं असती तर पूर्ण ऐकून मगच मेली असती.

अगदी शेवटचं ता. क. फोन करायची आता गरज नाही. केलातच, तर काय ते नमस्कारानंतर लगेच बोलून घ्या. तेवढीच जागा आहे.