खंडेनवमीची हळद माझ्या नावावर लिहून घेणेबाबत

प्रति,
मा. प्रबंधक साहेब,
जैवशास्त्र संशोधन केंद्र,
जुळे सोलापूर.

विषय : सूक्ष्मदर्शकाला हळद मी लावली, ही चूक माझ्या नावावर नोंदवणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी आपल्या केंद्रात एकोणतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर आहे. खंडेनवमीला तिथल्या यंत्रांची पूजा दरवर्षी मीच करतो, अगदी पाण्याच्या पंपापासून. यंदा त्या दिवशी केंद्र बंद होते, तरी यंत्रे पूजेवाचून राहू नयेत म्हणून मी घरून सायकलवर आलो. नव्या सूक्ष्मदर्शकालाही हळदकुंकू वाहिले व नंतर कोरड्या फडक्याने पुसले.

२. हे यंत्र जिवंत पेशी पाहण्याचे आहे. पेशीतला डीएनए तुटला की यंत्राच्या निळ्या उजेडात त्या जागी हिरवा ठिपका उजळतो आणि पेशीने तो सांधला की विझतो. संशोधक विद्यार्थिनी कु. सुकन्या खरात यांनी मला एकदा कौतुकाने दाखवले होते; दोन तासांत ठिपका माझ्या डोळ्यांदेखत विझला. त्याच निळ्या उजेडात हळदही हिरवी चमकते, हे मला ठाऊक नव्हते. खाचेत राहिलेले कण पेशींच्या ताटलीला खालून चिकटत गेले आणि सुकन्याताईंना दोन महिने न विझणारे ठिपके दिसत राहिले. "मामा, एक बी विझंना की हो," म्हणत त्या रोज नव्या पेशी लावत होत्या. मी शेजारीच काचा धूत होतो.

३. डिसेंबरात यंत्र उघडल्यावर हळद निघाली. मी त्याच दिवशी कबुली दिली. आपले उत्तर असे की, खंडेनवमीला हजेरीपटावर माझी सही नाही, म्हणजे मी केंद्रात नव्हतो, सबब चूक माझी असू शकत नाही. यंत्र ताईंच्या ताब्यात होते, सबब निष्काळजीपणा त्यांचा. मी पहारेकऱ्याची साक्ष आणली, तर कागदावर तोही रजेवर निघाला. हळदीचा करंडा जमा केला, तो यंत्राचा सुटा भाग नसल्याने भांडार विभागाने परत पाठवला. साहेब, माणसाने हसावे की डोके आपटून घ्यावे?

४. ताईंना यंत्राला हात लावण्यास बंदी आहे आणि प्रबंधाची मुदत ३१ मार्चला संपते. त्यांचे वडील धुळाप्पा आपली मेंढरे दुसऱ्याच्या हवाली करून दोनदा आपल्या दारात बसून गेले. त्यांच्या नजरेला नजर देणे मला जमले नाही. पेशीला आपली तूट सांधायला दोन तास पुरतात. आपल्या कार्यालयाला अडीच महिने पुरले नाहीत.

तरी चूक माझ्या नावावर घ्यावी, होईल ती शिक्षा मला द्यावी व ताईंना यंत्र उद्याच खुले करून द्यावे.

आपला, चूक कबूल असलेला,
गुरुसिद्धप्पा बिराजदार
प्रयोगशाळा परिचर
रविवार, दि. २२ फेब्रुवारी २०२६

सोबत : हळदीचा करंडा (दुसऱ्यांदा).

ता. क. : आज केंद्राला सुट्टी असून हजेरीपटावर माझी सही नाही. तरी हा अर्ज मी लिहिलाच नाही, असे कृपया धरू नये.