दोराचं दुसरं टोक

माय, आज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला गेलो होतो. काठाशी दोन माणसं जाळं ओढत होती. एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि मधलं पाणी हळूहळू आवळत चाललं होतं. पूजेला उशीर होतो म्हणून मी सहसा कुठे थांबत नाही, पण आज थांबलो. जाळं काठाला लागेपर्यंत थांबलो. घरी येऊन अंघोळ केली, दिवा लावला, आणि तुला लिहायला बसलो. तुला अक्षर येत नव्हतं. तू असतीस तरी हे मला वाचूनच दाखवावं लागलं असतं, आणि दोन ओळी झाल्या की तू म्हणाली असतीस, "कितलं लिखस रे भाऊ! नुस्तं सांगी टाक ना."

आबा गेले ते वर्ष मला आठवायला आवडत नाही. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईला कोपरा धरून बसावं लागतं. दिवसकार्य झालं, भाऊबंद जेवून गेले की कोपरा सुटतो. तुझा सुटला नाही. पिंपळनेरजवळचं आपलं घर बंद करून मी तुला धुळ्याला माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं, तर तू तिथे फक्त कोपरा बदललास. स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीला पाठ टेकून बसायचीस. सून मेथीची जुडी निवडायला पुढे ठेवायची, ती तशीच सुकायची. निंदणी, कापणी, शेणाच्या गोवऱ्या, पाच लेकरांची भाकर, सगळं ज्या हातांनी केलं ते तुझे हात मांडीवर उपडे पडलेले असायचे. आधी एक भाकर खायचीस, मग अर्धी, मग चतकोर. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले काहीच नाही. नळावर शेजारच्या अक्कांनी माझ्या बायकोला स्पष्टच सांगितलं, "तुझ्या सासूबाईंनी जायचं ठरवलंय बघ." मी त्या रात्री तुझ्याशेजारी बसून विचारलं होतं, "माय, तुले काय जोयजे?" तू म्हणालीस, "काही नही रे. मन्हा हातनं काम सरी गयं." त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. घरातलं पीठ संपलं हे सांगावं तसं सांगितलंस. मला भीती वाटली ती त्या आवाजाची.

पाटबंधारे खात्यात प्रवासाची सवलत मिळायची. आमच्या ऑफिसातले लोक देवदर्शनाला जायचे. मीही तुला तेच सुचवलं. "देवले मी आठूनच हात जोडस," म्हणालीस आणि विषय संपला. मग मला माझी चौथी-पाचवीची शाळा आठवली. मी घरी येऊन भूगोल मोठ्याने म्हणायचो, पांझरेचं पाणी तापीत, तापीचं पाणी समुद्रात, आणि तू चुलीपुढून विचारायचीस, "मंग समिंदर कोठे जास?" मास्तरांनी ते शिकवलं नव्हतं. मला वाटलं, एवढं तरी दाखवावं. तापी मिळते तो समुद्र दुसरीकडे, आपण गेलो तो कोकणातला, पण पाणी शेवटी एकच. एस.टी. बदलत बदलत आपण पोचलो, तू, मी, तुझी सून आणि तुझी लहानगी नात. माडांखाली कौलारू खोल्या, वाळूत मांडलेल्या वेताच्या खुर्च्या, जेवणासाठी घंटा. तिथले पाहुणे त्याला रिसॉर्ट म्हणायचे. मी माझ्या उभ्या आयुष्यात असा राहिलो नव्हतो.

तुला खुर्चीत बसवलं. डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे जात होता, तो तू धरून बसलेली. "कितलं पानी शे!" एवढंच म्हणालीस. वेटर ट्रेमधून चहा आणायचा, तू ट्रेकडे बघायचीस आणि चहा निवायचा. समोर समुद्र, पण तू तो कोठीला पाठ टेकूनच बघत होतीस असं मला वाटत होतं. रिसॉर्टवाले पाहुण्यांना लहान होडीतून गळ टाकायला न्यायचे. पुण्याचे एक बँकेतले साहेब हाफ पँट घालून रोज जायचे. एका संध्याकाळी त्यांनी बोटाएवढा मासा आणला आणि त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. तू ते सगळं बघितलंस. किती तरी वेळाने मला विचारलंस, "हाऊ एकलाच धरस का मासा?" मी म्हटलं, हो, गळाने एकट्यालाच धरतात. तू मान फिरवलीस. माझ्या लक्षात तेव्हा आलं नाही की तू काय विचारत होतीस.

पांझरेला पूर येऊन गेला की पाणी खडकांत डोह करून थांबतं. मी लहान असताना तू आणि आबा जुनं लुगडं घेऊन नदीत उतरायचे. एक टोक तुझ्याकडे, एक आबांकडे. गुडघाभर पाण्यातून दोघं वाकून, लुगडं तळाशी धरून चालत यायचे, आणि आबा ओरडायचे, "उचल!" दोघं एकदम उचलायचे. पाणी गळून जायचं आणि लुगड्यावर चांदीसारखं काहीतरी उड्या मारायचं. टोक थोडं खाली राहून मासे निसटले की आबा चिडायचे, "तुन्हा कडून बठ्ठा पळी ग्यात!" आणि तू म्हणायचीस, "मन्हा कडून कसाले? तुम्हना कडून ग्यात." घरापर्यंत तेच भांडण चालायचं. मी शाळकरी वयातच गावच्या मंदिरात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून माझी भाकर तू वेगळ्या तव्यावर करत आलीस, पण नदीवर मी यायचोच. मासे खायचे नव्हते मला. तुमचं भांडण ऐकायचं असायचं.

त्या सकाळी आरडाओरडा ऐकू आला म्हणून आपण बाहेर आलो. किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं एक मोठं जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात जाते, अर्धा वळसा घालते, आणि दुसऱ्या दोराचं टोक पार तिकडे लांब किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून माणसं ओढू लागतात, बाया, बाप्ये, म्हातारे, जो असेल तो. तू उभी राहिलीस. मला नीट आठवतं, कारण त्या वर्षात तू कुणी न उठवता उभी राहिल्याचं मी पहिल्यांदा बघत होतो.

"हाई काय शे?"

"मासा धरी राह्यनात, माय."

"दुसरं टोक कोन धरी राह्यनं?"

मी बोट दाखवलं. लांबवर, माडांच्या पलीकडे, माणसांची दुसरी रांग दिसत होती. तू डोळ्यांवर हात धरून बघत राहिलीस. मग वहाणा काढल्यास आणि माझ्या हातात दिल्यास. मला वाटलं वाळूत चालवत नाही म्हणून काढल्या असतील. तू कासोटा घट्ट केलास आणि चालायला लागलीस. मी "माय!" अशी हाक मारली. तू वळली नाहीस.

दोर धरलेल्या बायांमध्ये जागा होती तिथे तू शिरलीस आणि कुणालाही न विचारता दोर धरलास. आणि चूकही लगेच केलीस. आपल्याकडे दोर म्हणजे विहिरीचा. पाय रोवून जागेवर उभं राहायचं आणि हातावर हात टाकत ओढायचं. तू तशीच उभी राहिलीस. तिथे मात्र दोर कमरेशी धरून सगळे मागे मागे चालत जातात, आणि शेवटचा माणूस टोकाला पोचला की दोर सोडून पुन्हा पुढे पाण्यापाशी येऊन धरतो. पुढची बाई पाठीने येऊन तुझ्यावर आदळली, तिच्यावर तिच्या पुढची. एकच हशा पिकला. "कळशी भरतंस काय गो?" एक जण ओरडली. "मागे चल बाये, मागे!" तुला शब्द कळला नसावा, हसणं कळलं. मला वाटलं, झालं, आता ही दोर टाकून परत येणार आणि पुन्हा कधी कशाला हात लावणार नाही. माझ्या हातात तुझ्या वहाणा, आणि माझ्याच्याने पाऊल उचलवत नाही. पण तू हसणाऱ्या बाईकडे बघितलंस, तिच्या पायांकडे बघितलंस, आणि मागे चालायला लागलीस. टोकाला पोचलीस, दोर सोडलास, आणि लुगडं सावरत जवळजवळ पळत पुढे आलीस. पुन्हा धरलास.

बँकेतले साहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते. कॅमेरा गळ्यात. "ती नऊवारीतली म्हातारी बघा," ते म्हणाले, "ही काही इथली वाटत नाही. कोण आहे कोण जाणे. दमून पडेल एखाद्या वेळेस." मी नोकरीला लागल्यापासून साहेबलोकांशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत आलो आहे. त्या वेळी तोंडातून आलं ते घरचं आलं. "मन्ही माय शे ती," मी म्हणालो. त्यांना कळलं नसेल असं वाटून पुन्हा शुद्ध भाषेत सांगायला लागलो, पण त्यांना कळलं होतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी वहाणा छातीशी धरून ताठ उभा राहिलो, जसा काही फोटो माझाच निघणार होता.

ऊन चढलं. दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत आल्या. पाण्याचा तेवढाच तुकडा उसळायला लागला, आणि तू ओरडलीस. सगळा किनारा ऐकेल असं ओरडलीस, "उचल! उचल रे!" तिथे कुणी काही उचलायचं नव्हतं. जाळं आपलं वाळूवर आलं. पण पलीकडच्या टोकाचे लोकही तुझ्याकडे बघायला लागले, आणि तू हसत होतीस माय, पदर खांद्यावर, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, तोंडभर हसत होतीस.

मासे फार नव्हते त्या दिवशी. वाळूवर त्यांचे वाटे मांडले गेले. तू बाजूला होऊन हात धूत होतीस, तर रापणीचा म्हातारा तुझ्यामागे आला आणि दोन बांगडे आणि मूठभर बारकी मासळी तुझ्यापुढे धरली. तू नको नको केलंस. तो म्हणाला, "वाटो घे गो. दोराक हात लायलो, वाटो घेवक होयो." मी तुला अर्थ सांगितला, दोराला हात लावला की वाटा घ्यायलाच हवा. तू पदर पसरलास. कुणाकडून काही घेताना तू नेहमी खाली बघायचीस. त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून घेतलंस.

मग तू थेट रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात. आचारी दारात आडवा उभा राहिला. "आजी, पाहुण्यांना आत येता येत नाही."

"मी कसानी पाहुनी? मी कामवर व्हतू," म्हणालीस आणि त्याच्या काखेखालून आत गेलीस. सुनेच्या पिशवीत आपल्या काळ्या मसाल्याची पुडी होती, ती मागवलीस. आचारी म्हणाला, आमच्यात ह्यात खोबरं घालतात. तू म्हणालीस, "घाल तुन्हा घर." तो इतका हसला की त्याने स्वतःच तुला भाकरीचं पीठ काढून दिलं. मी माझं वरण-भात घेऊन समोर बसलो, आणि तू जेवलीस. भाकर मोडून, कुस्करून, रस्सा ओतून, बोटं चाटून जेवलीस. दुसरी भाकर मागितलीस. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसत उठून गेली. मी मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले. माळ घातलेल्या माणसाने माशाच्या जेवणासाठी हात जोडणं त्याला चाललं असावं.

पण तू एकच बांगडा रांधला होतास. दुसरा पानात गुंडाळून ठेवला होता. संध्याकाळी तो घेऊन पाण्यात उतरलीस, मी मागे. लाटेत तो सोडून दिलास. मी विचारलं नाही, तूच सांगितलंस, "एक मन्हा वाटा. हाऊ दुसरं टोक धरनारना." आणि थोडं थांबून म्हणालीस, "त्यास्ना कडूनच पळेत मासा. मन्हा कडून नही."

धुळ्याला परतल्यावर क्वार्टरमागच्या मातीत तू वांगी लावलीस. नळावरच्या अक्कांना वांगी नेऊन दिलीस आणि वर म्हणालीस, "मी काही जात नही, वांगा खा." त्यानंतर तू बरीच वर्षं होतीस. गेलीस तेव्हा खुरपं वाफ्यातच होतं.

ही गोष्ट मी फार जणांना सांगितली आहे. जळगावला बदली झाल्यावर इथल्या ऑफिसात, हरिपाठाच्या मंडळीत, सोयरिकीच्या बैठकीत, तुझ्या नातीला तर कितीदा. सांगता सांगता ते दोन बांगडे टोपलीभर झाले आहेत. परवा तुझी सून म्हणाली, "मागच्या दिवाळीला अर्धीच टोपली होती." त्याचं मला काही वाटत नाही. तू असतीस तर टोपली आणखी भरली असतीस. दुसरं एक आहे, ते तिनेही कधी बोलून दाखवलं नाही. मी सांगताना "आम्ही मायलेकांनी ओढलं" असं सांगतो. मी दोराला हात लावला नव्हता. तू परत येईपर्यंत तुझ्या वहाणा खाली वाळूत ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.

हे कागद घडी करून देवघरात, आबांच्या आणि तुझ्या फोटोमागे ठेवतो आहे. उद्या तलावावर ती माणसं असली तर विचारून बघेन, एक टोक धरू देतात का.