मुकादम कोण, आणि भाऊकाका पाणी का पीत नाही

१२ फेब्रुवारी
‘खालचं शहर’ या कादंबरीमालिकेचा पाचवा भाग दुसऱ्यांदा वाचून संपवला. दुकानात लग्नाचे ब्लाउज पडलेत, बायका येऊन तोंडं वाकडी करून जातात, पण मन लागेल तर ना! पाच भाग झाले, तो मुकादम शहराखालच्या बोगद्यांत बसून माणसांच्या सावल्या पळवतोय आणि लेखक त्याचं तोंड दाखवत नाही. एवढंच कळलंय की तो वर शहरात साधा माणूस म्हणून वावरतो. नायिकेच्या, रेवाच्या, ओळखीतलाच कुणीतरी.
वाचकांच्या ग्रुपवर आज नुसती हाणामारी. पुण्याच्या ऋग्वेदने संशयितांचा तक्ता टाकला. त्याचा संशय चहावाल्या भाऊकाकावर. का? तर रेवाच्या घरी तीनदा आला, तिने तीनदा पाणी पुढं केलं, तीनदा ‘राहू दे’ म्हणाला. खालच्या शहरातल्यांना वरचं पाणी चालत नाही, म्हणून तोच मुकादम. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण. मला तर पहिल्यापासून रेवाच्या ऑफिसातल्या साहेबाचा संशय होता, पण तक्त्यापुढं काय बोलणार.

१४ फेब्रु.
आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन. चौसाळ्याला माळावर शेरडं चारताना ते हीच मालिका मोबाईलवर मोठ्याने ऐकतात. नाद मीच लावला. मुकादमाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच म्हणाले होते, “मुकादम म्हनल्यावर त्यो चांगला असंलच कसा?” ऊसतोडीला मुकादमाच्या हाताखाली दोन पट्टे, म्हणजे दोन हंगाम, काढलेत त्यांनी, त्यांना पुरावा लागत नाही.
ऋग्वेदचा तक्ता सांगितला. एवढ्या जोराने हसले की शेरडं उधळली, मग ‘हुर्रर्र, हुर्रर्र’ करत पळाले, मी फोन धरून बसले. परत आले ते धापा टाकत.
“आगं, शिकल्याली मान्सं का कोन ही? पोरीच्या घरचं पानी पीत न्हाई म्हंजी भूत व्हतंय का? बाप हाय त्यो तिचा!”
खरंच की. लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. रेवाचं लग्न झालंय, लेकरू नाही, आणि ती तर अनाथ म्हणून वाढलेली. म्हणजे भाऊकाका तिचा बाप, ओळख लपवून राहतोय! अंगावर काटा आला.

१५ फेब्रु.
ग्रुपवर टाकलं. हलकल्लोळ. ऋग्वेदने विचारलं, “ताई, याला संदर्भ काय?” म्हटलं, संदर्भ म्हणजे माझा उंबरा. नऊ वर्षं झाली लग्नाला, मूल नाही, वडील पाटोद्याला येतात आणि कोरडेच जातात. हे लिहायला नको होतं. पण लिहिलं आणि सगळे माझ्या बाजूने झाले. ऋग्वेदने तक्ता काढून टाकला. दिवसभर ताठ मानेने शिवण केलं.

१९ फेब्रु.
बाजार. आबा दोन बोकड घेऊन आले होते, विकून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, “पाव्हनं, घोटभर च्या तर घ्या.” आबांचं नेहमीचंच, “आत्ताच घिऊन आलो.” समोरच्या हॉटेलात प्यायले होते, मी दुकानातून बघितलं. चार पावलांवर लेकीचं घर आणि हा माणूस हॉटेलचा काळा चहा पितो. लई राग आला.
सासूबाई आत गेल्यावर म्हटलं, आबा, पैज लावू. भाऊकाका मुकादम निघाला तर तुम्ही माझ्या हातचा चहा प्यायचा.
“आन् बाप निगाला तर?”
“तर मी परत कधी आग्रह करणार नाही.”
हसले. “लाव. त्यो बापच हाय.”
ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बाप आहे हे मी स्वतःच सगळ्या ग्रुपला पटवून बसलेय. आपल्याच पायावर धोंडा.

२१ फेब्रु.
ग्रुपवर पलटी मारली. लिहिलं की भाऊकाकाचं पाणी न पिणं फार संशयास्पद आहे, शिवाय त्याच्या टपरीत मांजर शिरत नाही. ऋग्वेद म्हणाला, “पण ताई, तुम्हीच तर…” बाकीच्यांनी माझाच उंबरा माझ्या तोंडावर फेकला. सु. (नवरा) बाजूला बसून वाचत होता. म्हणाला, “काय गं हे, पुस्तकासाठी रडती का काय तू?” पुस्तकासाठी नाही रडत. त्याला कुठं सांगू.

२६ फेब्रु.
लेखकाच्या ऑनलाइन गप्पा. मीच प्रश्न टाकला, भाऊकाका पाणी का पीत नाही?
लेखक चष्मा पुसत म्हणाला, “खरं सांगू? काही कारण नाही. घाईत असतो तो.”
घाईत! आम्ही इथे एकमेकांचे गळे धरले आणि हा म्हणतो घाईत. मला मात्र आनंद. म्हणजे बाप नाही.
तेवढ्यात त्या ऋग्वेदने, मरो त्याचा तक्ता, माझं १५ तारखेचं सगळं लेखकाला वाचून दाखवलं. लेखकाने चष्मा परत घातला. मग म्हणाला, “किती सुंदर आहे हे. सहाव्या भागाचा शेवट अजून लिहायचाय. वापरू का?”
सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मी कॅमेरा बंद केला.

२७ फेब्रु.
आबांना सांगितलं. खूश. “बघ, लेकाच्याला म्हाईत नव्हतं, आमी सांगितलं!” मग विचारलं, “पर त्या पोरीला ठावं हाय का, त्यो बाप हाय म्हनून?”
“नाही.”
“मंग तिला काय वाटतंय, कावून पीत न्हाई?”
मी म्हणाले, तिला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.
पलीकडं आबांनी उगाच ‘हुर्रर्र’ केलं. मग म्हणाले, “शेरडं लांब गेली,” आणि ठेवला.
बोलायला नको होतं. पण खरं तेच होतं.

५ मार्च
बाजार. आबा आले. या वेळी विकायला काही नव्हतं. सासूबाई देवळात गेलेल्या, सु. कामावर. ओट्यावर बसले, टोपी काढली, परत घातली.
“साव्वं पुस्तक आलं का?”
“अजून नाही.”
“मंग आजून कोनी जिकलं न्हाई.”
“नाही.”
“ऊन लई हाय. तांब्या दे. चूळ भरतो नुस्ती.”
माठातलं पाणी दिलं. दारात उभी राहिले. मोरीपाशी माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. पहिली चूळ भरली, थुंकली. दुसरी तोंडात घेतली.
ती पडल्याचा आवाज आला नाही. तांब्या हातात देऊन “येतो” म्हणाले, आणि मीपण काही विचारलं नाही.