यंदाचा मुराळी

३ एप्रिल, गुरुवार
ही वही इथल्या ऑफिसातल्या कल्पनाताईंनी दिली. म्हणे, तारीख टाकून रोज थोडं थोडं लिही. काल वकीलबाई आल्या होत्या. विचारत होत्या नवऱ्यानं कधी कधी मारलं. मी सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. श्रावणात कानबाई बसली होती तेव्हा. मागच्या भाऊबीजेला, माहेरून उशिरा आले म्हणून, तेव्हा कानावर. वकीलबाई पेन धरून बसल्या. म्हणे, बाई, कोर्टाला पोळा कळत नाही, तारीख सांग.
तारखा आठवत नाहीत. सण आठवतात.
सातवीनंतर हातात पेन नाही. अक्षर बघून लाज वाटते. ही वही कोणी वाचणार नाही असं ताई म्हणाल्या.
इथं येऊन अकरा दिवस. माझी पोर खुशी अजून कॉटखाली झोपते. वर घेतली की उतरून परत खाली.

५ एप्रिल, शनिवार
या घराला बाहेर पाटी नाही. मोबाईल ऑफिसात जमा. कोणाला पत्ता सांगायचा नाही, आईला पण नाही. आम्ही घर सोडून आलेल्या नऊ बाया, सहा पोरं.
सकाळी शिलाईचा क्लास. आज सरळ शिलाई. माझी वाकडी गेली. गल्लीत मोटरसायकल थांबली की पाय मशिनीवरून आपोआप निघतो.
शोभामावशी सैपाक करते. भुसावळकडची. बारा वर्षांपूर्वी तीच इथं पोर घेऊन आली होती, मग इथंच कामाला लागली. मला म्हणे, "काय वं माय, भाकर थापून राह्यली का पाहुण्याची वाट पाहून राह्यली? सगळं ध्यान गेटाकडे."
हसले. बऱ्याच दिवसांनी.

७ एप्रिल, सोम.
ताईंनी कागद विचारले. खु. ला जूनमध्ये पहिलीत घालायचं तर जन्माचा दाखला पाहिजे. मला शिलाईच्या सरकारी कोर्सला माझा सातवीचा दाखला. दोन्ही माहेरी. खु. माहेरीच झाली, दाखला मायच्या पेटीत. मी निघाले तेव्हा पायात चप्पल पण एकच जोड, ती पण सासूची. नरडाण्याला गाडी आली, बसले. पुढं कुठं जायचं ते माहीत नव्हतं. जळगावला रेल्वेच्या पोलीसबाईनं विचारलं म्हणून इथं आले.

८ एप्रिल, मंगळवार
आज चूक केली. कोणाला सांगितली नाही.
शोभामावशी मला कानाच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. ती केसपेपरच्या रांगेत. मी बाकावर. शेजारी नशिराबादची एक बाई, सासूला घेऊन आलेली. बोलता बोलता मी तिचा मोबाईल मागितला. मायचा नंबर तेवढा पाठ आहे.
माय रडायला लागली. "कशी शे तू? पोर कशी शे? जेवस का?" मी म्हटलं खुशाल शे, फक्त आम्हा दोघींचे दाखले लागतात. मग म्हणे, "आखाजी येई ऱ्हायनी. पवनले धाडू ना लेवाले?"
मी म्हटलं, "धाड."
"कोठे?"
"जळगावले."
तोंडातून निघून गेलं. माहेरून न्यायला येणाऱ्या मुराळ्याला नको कोण म्हणतं? घरात कोणी गेलं असेल, सुतक असेल, तरच त्या वर्षी लेकीला घ्यायला कोणी येत नाही. नाहीतर आखाजीला, अक्षय तृतीयेला, लेक माहेरी जातेच. दरवर्षी पवन आला की सासू पण काही बोलायची नाही. वर्षातले तेवढेच पाच दिवस मी पोटभर झोपायचे.
पवन माझा भाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढला. पण त्याला नरडाण्याच्या कंपनीत खु. च्या पप्पांनी लावलंय. दोघं एकाच शिफ्टला जातात.
हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

११ एप्रिल, शुक्र.
काही नाही झालं.
काही होत नाही तेच वाईट. भाजी तिखट झाली, सगळ्यांनी खाल्ली.

१५ एप्रिल, मंगळवार
कानाची दुसरी तपासणी. नशिराबादची बाई परत तिथंच. मला बघून खुश. "अगं, तुझ्या नवऱ्याचा फोन येऊन गेला. चार वेळा. किती रडत होता बिचारा! मी सांगितलं, काळजी करू नका भाऊ, कानाच्या रांगेत भेटली होती, मंगळवारी परत येणार आहे."
ती बिचारी चांगलंच समजून बोलली.
शोभामावशीला तिथंच सांगितलं, सगळं. तिनं माझा हात धरला, मागच्या दारानं काढलं. रिक्षावाल्याला उलट्या रस्त्यानं फिरवलं. भर ऊन. उतरल्यावर म्हणे, "मी तं आल्या आल्या माहेरी पत्रच टाकलं होतं, पत्त्यासकट. तुह्यापेक्षा येडी होती मी."
खु. चे पप्पा आले होते की नाही, माहीत नाही. मी मागं वळून बघितलं नाही.

१६ एप्रिल, बुध.
ताईंना सांगितलं. वाटलं आता सामान बांधा म्हणतील. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग, "मायशी बोलायचं होतं तर माझ्याकडे का नाही आलीस? रोज अकराला ऑफिसातून फोन लावता येतो, नंबर दिसत नाही." मी म्हटलं, लाज वाटली. "लाज तू का धरतेस?"
आज अर्ज लिहिला, खु. च्या पप्पांनी माझ्या आणि पोरीच्या जवळ येऊ नये म्हणून. ताईंनी विचारलं, नवऱ्याचं पूर्ण नाव? माझ्या तोंडातून निघेना. आठ वर्षांत एकदाच घेतलं, लग्नात उखाण्यात. मी पदर पिळत बसले.
खु. टेबलाखाली होती. तिथून म्हणाली, "किशोर. पप्पांचं नाव किशोर आहे."
पाच मेला कोर्टात हे नाव मला स्वतः घ्यावं लागेल. तेव्हा पोर सोबत नसणार.

१९ एप्रिल, शनिवार
ताईंनी मायचा नंबर लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. पवननं उचलला.
"आक्का! कोठे शे तू? मी येस ना लेवाले. निंबले झोका बांधी टाका तुना साठे. दाजी आते दारूले हात लावत नही, शपथ खाई त्यासनी मारुतीना पायपा."
दाजींनी मारुतीसमोर शपथ खाल्ली. हा तिसरा मारुती.
ताई म्हणाल्या, तिला न्यायचं की नाही ते तीच सांगेल. भेटायचं असेल तर २९ ला, गावातल्या आमच्या सरकारी ऑफिसात, एकट्यानं. पत्ता दिला तो ऑफिसचा, घराचा नाही. पवन म्हणे, "हा ताई, एकलाच येस."
फोन ठेवल्यावर ताई मला म्हणाल्या, तुला जायचंय का?
असं कोणी विचारलं नव्हतं. काय सांगू. मायचा ओटा दिसतो डोळ्यासमोर. रस, मांडे. आणि पाच दिवस झोप.
म्हटलं, सांगते.

२२ एप्रिल
सरळ शिलाई जमली. उशीची खोळ केली. खु. नं ती कॉटखाली नेली.

२४ एप्रिल, गुरु.
पवन पहिल्या शिफ्टला, म्हणून अकराला फोन लावून मागितला. मायनं उचलला. आवाज बारीक, कोणी ऐकेल म्हणून.
"बाई, आवंदा येऊ नको. पवन उना तरी नको येऊ. सुतक शे."
"कोण गयं?"
"तो... वरला गल्लीना आबा."
"कोणता आबा, माय?"
फोन ठेवला तिनं.
दिवसभर आबा शोधत बसले. वरल्या गल्लीत आमच्या भाऊबंदकीतले एकच आबा आहेत, त्यांनीच मला शाळेत घातलं होतं. रडले. मावशीनं ताक दिलं.

२६ एप्रिल, शनिवार
ताईंनी पवनला वेळ पक्की करायला फोन लावला. मी मधेच विचारलं, आबा कधी गेले?
"कोण आबा? आते सकायमा देखा ना मी, ओटावर तमाखू मळी ऱ्हायनता. कोन सांगं तुले?"
मी म्हटलं, कोणी नाही. असंच.
म्हणजे मायनं जित्या माणसाला मारलं. देवाधर्माची बाई, आमावस्या चुकवत नाही. तिनं सुतकाचं खोटं सांगितलं, मी येऊ नये म्हणून. ये म्हणायला तोंड उघडं असतं, येऊ नको म्हणायला तिच्याकडे सुतक तेवढंच होतं.
पवनला काही सांगितलं नाही. ताईंना सांगितलं. २९ ला पोलीसबाई पण सोबत असणार.

२८ एप्रिल, सोम.
जेवण जात नाही. मावशी म्हणे, "आखाजीले उपाशी राह्यली तं पितर घाबरतीन वं." मला हसू आलं नाही. ती एकटीच हसली.
पवन एकटा आला तर? मी उगाच घाबरते का? माझा भाऊ आहे.

२९ एप्रिल, मंगळवार
आजचं आजच लिहिते.
पवन आला. दाढी वाढलेली. मला बघून पाया पडला. कापडी पिशवी दिली, "मायनी कुरडया दिन्ह्यात." पोर कोठे शे म्हणे. ताई म्हणाल्या, पोर सुखरूप आहे.
मग म्हणे, "चाल आक्का. खाले गाडी उभी शे."
पवनकडे गाडी नाही. मोटरसायकल आहे, ती पण हप्त्याची.
मी विचारलं, "गाडीमा कोण शे?"
"कोणी नही."
"पवन. मनाकडे देखी सांग."
त्यानं बघितलं नाही. चप्पल बघत बसला. लहानपणी पेढा चोरला की असाच बसायचा. मग हळूच, "ते म्हणतस, फक्त बोलनं शे. आक्का, मनी नोकरी जाई."
पोलीसबाई खाली गेल्या. गाडी होती. त्या जवळ जाईपर्यंत निघून गेली. नंबर लिहून घेतला त्यांनी.
मी पवनला सांगितलं, मी येत नाही. मायला सांग, सुतक मानलं म्हणून. त्याला कळलं नाही. तो तसाच उठला. मुराळी रिकामा गेला. आमच्या घरात असं झालं नव्हतं.
परतताना दोन वेळा रिक्षा बदलली.
संध्याकाळी कुरडयांची पिशवी मावशीनं रिकामी केली. तळाला प्लास्टिकमध्ये दोन कागद. खु. चा जन्माचा दाखला. माझा सातवीचा दाखला. मायला वाचता येत नाही. कोणता कागद कोणता, कोणाला विचारलं असेल तिनं?

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
सकाळी मावशीनं मागच्या लिंबाला दोर टाकला, जुनं लुगडं घडी घालून बसायला केलं. रस केला. नऊ बाया, कोणाकडेच मुराळी आला नाही. ज्यांना गाणी येत होती त्यांनी म्हटली.
अकराला ताईंनी बोलावलं. मायचा नंबर लावला तर पवन. "आक्का, मी कामवर गऊ नही. काल त्यासना संगे गाडीमा बी बसनू नही, यष्टीमा घर उनू." मग, "पाच तारखेले कोर्टमा येऊ का? तुनाकडथून?"
खरं सांगतो की खु. च्या पप्पांनी शेजारी बसून बोलायला लावलं, कसं कळणार. एकलाच येस म्हणाला तेव्हा पण तो खरंच बोलत होता असं मला वाटलं होतं.
मी म्हटलं, मायला फोन दे. माय आली. म्हटलं, "माय, सुतक फिटनं का?"
माय म्हणे, "नही अजून. फिटनं की सांगसू."
ताईंना तसंच सांगितलं. पवनला आज काही कळवायचं नाही.
दुपारी खु. ओढत घेऊन गेली, आई तू बस, मी झोका देते. झाडाच्या त्या बाजूनं बसलं की भिंत दिसते, या बाजूनं बसलं की गेट. सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसत होत्या, तिकडं सावली होती.
मी गेटाकडे तोंड करून बसले. उन्हात. खु. नं मागून ढकललं. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून मी पाच तारखेला घ्यायचं ते नाव म्हणून बघितलं. हळू. पहिल्यांदा अर्धंच निघालं.