टेकडी चढून आले

तुझ्या घरातल्या माझ्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेलं ते जंगल आधी खरवडून काढ. आईला करमत नाही म्हणून झाडांचा कागद आणून लावणारा तू एकटाच शहाणा असशील. रोज डोळे उघडले की तोच धबधबा, आणि पाण्याचा एक थेंब खाली पडेल तर शपथ! त्यात सूनबाईनं धबधब्यातच खिळा ठोकून माझी औषधांची पिशवी टांगली. बोलून झालं, आता बरं वाटलं.

प्रिय थोरल्या,

तुझी बहीण बरी आहे. रोपवाटिकेत दिवसभर राबते. जेवायच्या आधी नखं तरी घास म्हटलं की दात काढते. तिला नोकरीबरोबर मिळालेल्या या दोन खोल्या तू पाहिल्या नाहीस. दार उघडलं की समोर थेट टेकडी. आले तेव्हा दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि टेकडीला नावं ठेवायची. नुसते दगड, कानात शिरणारा वारा, वाट म्हणावी तर तीही धड नाही. तरी पोरीला म्हटलं, मी इथंच राहीन म्हणते. तिनं ते तुझ्या कानावर घातलं आणि लगेच तुझा फोन. आईला फाटकापर्यंत चालवत नाही आणि म्हणे रानात राहणार! फोन ठेवला आणि काठी शोधली.

आधी फाटकापर्यंत जाऊन आले. मग वाकडं झाड, मग ओढा. पोरीला पत्ता लागू दिला नाही. काल म्हटलं, आज वर. शेवटच्या खडकावर काठी चालेना, तर पाठमोरी बसले आणि ढुंगणावर सरकत चढले. बघायला कोण होतं? आणि असतं तरी काय बिघडलं असतं!

वर पोचले आणि कुणाला न विचारता बसले. तुला त्यातलं कळायचं नाही. लहानपणी मामाकडे वाढले, तिथं मामीचं तोंड बघून घास उचलायचा. मग सासूचं घर. मग इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्म गेला, खिडकी नसलेल्या तळघरात, वाफेत. राहायची खोलीसुद्धा इस्पितळाचीच. मग तुझं घर. तू काही कमी केलं नाहीस, उगाच तोंड पाडू नकोस. पण पाणी प्यायलं की भांडं कुठं ठेवू, हे मला विचारावं लागायचं.

वर गवत कमरेएवढं आहे. वारा आला की सगळी टेकडी एका अंगानं हलते. आयुष्यभर ओल्या चादरी झटकल्या, एवढी मोठी कधी पाहिली नव्हती, आणि हिची घडी घाल म्हणून कुणी मागे लागलं नव्हतं. एक कोल्हा आला. माझ्याकडे पाहिलं, कान खाजवला, आपल्या वाटेनं गेला. जणू मी तिथली जुनीच.

खाली तुझी बहीण मला शोधत होती. न्हाणीत, रोपांच्या मांडवात, पाण्याच्या टाकीमागे. मी हाक मारली, अगं भवाने, वर बघ! तिनं वर पाहिलं आणि हातातली पाण्याची नळी सुटली. सगळी भिजली, आणि तशीच उभी राहून हसत सुटली.

आता मुद्द्याचं. रविवारी तू मला न्यायला गाडी घेऊन येतोयस म्हणून हे लिहायला बसले. ये, पण मी बसणार नाही. माझी लोखंडी पेटी आण, शाल आण. खोली नातीला दे, पोर ओट्याखाली पाय मुडपून अभ्यास करते. पडले तर काय, असं विचारशील. तुझ्या गुळगुळीत फरशीवर दोनदा पडले, तिथं कुठली टेकडी होती? आणि मरायची मला घाई नाही. पलीकडची टेकडी अजून चढायची आहे.

तुझीच, कोपरं सोललेली,
आई

ता. क. उत्तर सूनबाईनं लिहायचं. तू लिहिलंस तर 'लोक काय म्हणतील' यातच कागद संपेल. ती माझ्याशी एवढी वर्षं तोंडावर भांडली, ती खोटं लिहायची नाही. तू फक्त रविवारी येताना घेऊन ये.